विद्यापीठाची चूल

मी विद्यापीठांत नोकरीला आहें. हें वाक्य अक्षरशः खरें आहे. परंतु अठरा वर्षें मी तें खोटें बोलण्यासाठीं वापरीत आलों.

कॅनडाच्या अल्बर्टा प्रांतांतील एका मोठ्या विद्यापीठांत मी असतों, एवढें सांगून थांबलें कीं ऐकणारा पुढचें आपणच जोडून घेई. "कोणता विषय शिकवतां?" असें कोणी विचारलेंच, तर "आमचें काम उष्णतेशीं संबंधित आहे," असें मोघम उत्तर मी देत असें. तेंही खरेंच! जेथें सहस्रावधि विद्यार्थी ज्ञानार्जन करतात, त्या आवाराच्या एका कडेला उंच धुराडें असलेली एक जुनी इमारत आहे. तिच्यांत चार बॉयलर आहेत. त्यांचें पाणी, त्यांची ज्योत आणि त्यांचा दाब राखणें हें माझें काम. तिकडे या धंद्याला 'पॉवर इंजिनियर' म्हणतात. आपल्याकडच्या साखर-कारखान्यांतील मंडळी मला सरळ 'बॉयलरवाला' म्हणतील, आणि तें नांव अधिक नेमकें आहे.

हें नांव सांगण्याची मला लाज कां वाटावी, आणि ती कशी गेली, हें सांगण्यासाठींच आज लेखणी हातीं घेतली आहे. परंतु त्याआधीं ही चूल कशी असते, तें थोडें सांगितलें पाहिजे. नाहीं तर पुढील गोष्टींत काय पणाला लागलें होतें, हें ध्यानांत यावयाचें नाहीं.

आपल्याकडे थंडी ही बरीचशी मौज असते. शेकोटी, शाल, गुळाची पोळी आणि उन्हांत बसून सोललेले मटार, इतक्यांत आपला हिंवाळा संपतो. अल्बर्टांत जानेवारी महिन्यांत पारा उणे तीसपर्यंत सहज उतरतो, आणि एखाद्या वर्षीं उणे चाळीसच्याही खालीं जातो. उणे ४० हा आंकडा मोठा चमत्कारिक आहे. सेंटिग्रेड आणि फॅरनहाइट हीं दोन्ही मापें त्या एका ठिकाणीं अगदीं सारखीं होतात. जणूं एवढ्या थंडींत भांडण्याचें त्राण त्यांनाही उरत नाहीं. अशा वेळीं बाहेर पाऊल टाकलें कीं नाकांतले केस गोठतात आणि पापण्यांवर हिमकण बसतात. पाणी गोठतांना सुमारें नऊ टक्क्यांनीं फुगतें; त्यामुळें न तापविलेल्या इमारतींतील नळ पहिल्यानें फुटतात, आणि मग छतांतून पाणी कोसळूं लागतें. थोडक्यांत, तेथें ऊब ही चैन नाहीं. अन्नवस्त्राच्या जोडीला ठेवावयाची ती वस्तु आहे.

अशा प्रदेशांत शंभर इमारतींनीं शंभर शेगड्या पेटवाव्या, कीं सर्वांनीं मिळून एक मोठी चूल करावी? अमेरिकेंत न्यूयॉर्क संस्थानांतील लॉकपोर्ट या गांवीं बर्डसिल हॉली नांवाच्या कल्पक गृहस्थानें १८७७ सालीं या प्रश्नाचें उत्तर दिलें. एका ठिकाणीं बॉयलर बसवून त्यानें भूमिगत नळांतून घरोघर वाफ पोहोंचविली, आणि तो व्यवहार यशस्वी करून दाखविला. पुढें थंड देशांतील मोठमोठ्या विद्यापीठांनीं आणि रुग्णालयांनीं तोच मार्ग धरला. एकत्र कुटुंबांत वाढलेल्या माणसाला ही व्यवस्था समजावून सांगावी लागत नाहीं. चूल एक, तिच्यावर लक्ष ठेवणारें माणूस एक, आणि जेवणारीं तोंडें पन्नास. यांत काटकसर आहे, शिस्तही आहे; परंतु ती एक चूल विझली तर पन्नासही जण उपाशी राहतात, हा धोकाही आहेच.

वाफेनेंच ऊब कां न्यावी, हेंही सांगतों. एक किलो पाणी एका अंशानें निवलें तर त्यांतून एक किलोकॅलरी उष्णता मिळते. पण एक किलो वाफेचें नुसतें पाणी झालें, तिचा ताप एका अंशानेंही उतरला नाहीं, तरी ती सुमारें ५४० किलोकॅलरी देऊन जाते. आमच्या बॉयलरांतून सुमारें सात किलो दाबाची आणि एकशें सत्तर अंशांच्या आसपास तापलेली वाफ निघते. जमिनीखालच्या बोगद्यांतून, जाड पांघरूण घातलेल्या नळांमधून ती इमारती-इमारतींत जाते, आपली ऊब तेथें ठेवते आणि पाणी होऊन दुसऱ्या नळानें परत येते. हें परतीचें पाणी आम्हीं फार जपतों. तें शुद्ध असतें, अजून ऊन असतें. जेवढें परत येत नाहीं, तेवढें नवें पाणी क्षार काढून, हवा काढून, तापवून घ्यावें लागतें. बाहेर गेलेल्यांपैकीं कोण परतलें आणि कोण वाटेंत हरवलें, याचा हिशेब आमच्या वहींत रोज लिहिला जातो. परदेशीं राहणाऱ्या माणसाला ती नोंद करतांना कधीं कधीं उगीचच थबकावयास होतें.

या धंद्याच्या परीक्षा कॅनडांत पांच वर्गांच्या असतात. पांचवा सर्वांत खालचा आणि पहिला सर्वांत वरचा. चौथ्या वर्गाला दोन प्रश्नपत्रिका, तिसऱ्याला चार, दुसऱ्याला सहा आणि पहिल्याला आठ. शेंकडा पासष्ट गुणांशिवाय उत्तीर्ण नाहीं. शिवाय वरच्या वर्गांसाठीं बॉयलरपाशीं प्रत्यक्ष काम केल्याचा दाखलाही लागतो. आपल्याकडेही बॉयलर चालविण्यास प्रमाणपत्र लागतेंच. १९२३ सालचा बॉयलरचा कायदा शंभर वर्षें चालला, आणि २०२५ सालीं त्याची जागा नव्या कायद्यानें घेतली.

मीं सांगलीस यंत्रशास्त्राची पदवी घेतली, तीन वर्षें एका साखर-कारखान्यांत काढलीं, आणि २००५ सालीं सहकुटुंब कॅनडाला गेलों. माझी पदवी तेथें कोणीं नाकारली नाहीं. पण ती घेऊन काय करावयाचें, तेंही कोणीं सांगितलें नाहीं. आठ महिने घरीं बसल्यावर मीं चौथ्या वर्गाची परीक्षा दिली, आणि २००६ सालीं या विद्यापीठाच्या बॉयलर-घरांत अगदीं तळाच्या पायरीवर लागलों. पहिल्या वर्षीं माझ्या हातीं अधिक वेळ झाडू आणि तेलाचा डबाच असे.

त्या रात्रीं मीं वाईस फोन केला. अण्णा, म्हणजे माझे वडील, आयुष्यभर हायस्कुलांत संस्कृत शिकवीत आले. "अण्णा, विद्यापीठांत नोकरी लागली," एवढेंच मी बोललों. क्षणभर पलीकडे शांतता होती. मग ते म्हणाले, "तुझी आई असती तर आज तिनें देवापुढें साखर ठेवली असती." त्या वाक्यापुढें मला बॉयलर हा शब्द उच्चारतां आला नाहीं. उद्यां सांगूं, असें मनाशीं म्हणालों. दुसऱ्या दिवशीं आळींत पेढे वांटले गेल्याचें कळलें, आणि उद्यांचा परवां झाला. दोन वर्षांनीं पुतण्याच्या मुंजीसाठीं वाईस गेलों, तेव्हां आळींतल्या मंडळींनीं 'परदेशांतील विद्वान प्राध्यापक' म्हणून मला शाल-श्रीफळ दिलें. मीं तें वांकून घेतलें. परत येतांना विमानांत सौ. म्हणाली, "अहो, हें पुरे आतां. मुलें मोठीं होताहेत, तीं ऐकतात." मी खिडकींतून बाहेर पाहत राहिलों.

याच्या आधींच्या हिंवाळ्यांत एक गोष्ट घडली होती. तिच्यांतून मला तेव्हांच धडा मिळावयास हवा होता. पण मीं त्यांतला निम्माच घेतला.

बॉयलरच्या अंगाला कांचेची एक उभी नळी असते. तिला गेज-ग्लास म्हणतात. आंत पाणी किती आहे, हें तिच्यांत दिसतें. बॉयलरचा सारा जीव या पाण्यांत. पाणी उतरून नळ्या उघड्या पडल्या आणि ज्योत चालूच राहिली, तर लोखंड तापून मऊ पडतें. आणि अशा तापलेल्या बॉयलरांत घाबरून कोणीं थंड पाणी सोडलें, तर अनर्थ ओढवतो. म्हणून नियम असा कीं, कांचेंत पाणी दिसत नसेल तर पाणी घालूं नये. आधीं ज्योत बंद करावी. परंतु ती कांच स्वतःच खोटें बोलूं लागली तर? तिच्या खालच्या वाटेंत गाळ अडकला, तर वरून आलेली वाफ थिजून नळींत पाणी जमतें, आणि आंतली पातळी खालावली असतांही बाहेर भरपूर पाणी दिसतें. म्हणून प्रत्येक पाळीला खालची चावी उघडून नळी झाडावी लागते. चावी मिटतांच पाणी झटकन् परत आलें, तर कांच खरी.

एका पहांटे मीं ती नळी झाडली नाहीं. रोजच तर ठीक असते, असें म्हणून वहींत मात्र 'चार वाजतां तपासली' असें लिहून टाकलें. सहा वाजतां आमचे मुख्य इंजिनियर आले. युक्रेनहून येऊन तेथें शेती वसविणाऱ्या घराण्यांतला तो वृद्ध माणूस. बोलणें थोडें, पाहणें फार. त्यांनीं कांचेकडे क्षणभर पाहिलें आणि विचारलें, "केव्हां झाडलीस?"

"चार वाजतां."

कांहीं न बोलतां त्यांनीं खालची चावी उघडली. नळींतलें पाणी गेलें. चावी मिटली. पाणी परत आलें नाहीं. आम्ही दोघे त्या रिकाम्या कांचेकडे पाहत उभे राहिलों. मग तळाशीं एक थेंब दिसला, आणि मुंगीच्या पावलानें पाणी वर सरकूं लागलें. दुसऱ्या बाजूच्या कांचेवरून पातळी ठीक असल्याचें दिसलें, म्हणून वांचलों. "नळींतलें पाणी अगदीं हलेनासें झालें होतें," ते म्हणाले. "आंत पाणी उकळत आहे, मग बाहेर तें थोडें तरी थरथरलें पाहिजे. फार शांत दिसणाऱ्या कांचेचा संशय घ्यावा."

त्यांनीं माझी तक्रार केली नाहीं. वही पुढें ओढून त्यांनीं मला माझ्या नोंदीवर एकच रेघ मारावयास लावली. आमच्या वहींत खोडरबर चालत नाहीं; चुकलेलें वाक्यही वाचतां आलें पाहिजे. त्याखालीं 'तपासली नव्हती' असें मीं स्वतःच्या हातानें लिहून सही केली. मग त्यांनीं मला एक हकीकत सांगितली. २० मार्च १९०५ रोजीं मॅसॅच्युसेट्स संस्थानांतील ब्रॉक्टन गांवीं ग्रोव्हर यांच्या जोड्यांच्या कारखान्यांतला बॉयलर फुटून छपराबाहेर उडाला, इमारत कोसळून पेटली, आणि ५८ माणसें प्राणांस मुकलीं. त्या शोकांतूनच १९०७ सालीं त्या संस्थानानें बॉयलरविषयींचा कायदा केला, आणि पुढें अमेरिकेंतील यंत्र-अभियंत्यांच्या संस्थेची १९१४ ची नियमावली तयार झाली. आजही जगभर बॉयलर बांधतांना तिचा आधार घेतला जातो. "आपला एकेक नियम कोणाच्या तरी मरणानें लिहिला आहे," ते म्हणाले. "आणि ही वही तुझ्यासाठीं नाहीं. तुझ्यानंतर पाळीवर येतो, त्यानें हिच्यावर विश्वास ठेवून भट्टीपाशीं उभें राहावयाचें असतें."

त्या दिवसापासून मीं खोटी नोंद केली नाहीं. वहींत केली नाहीं, एवढाच त्याचा अर्थ. वाईस जाणाऱ्या प्रत्येक फोनांत मात्र तीच नोंद मी पुनः पुनः करीत राहिलों.

२०२३ सालच्या ऑक्टोबरांत अण्णा आमच्याकडे सहा महिन्यांसाठीं आले. वय ब्याऐंशी, प्रकृति काटक. तेथल्या मराठी मंडळींत ते लवकरच मिसळून गेले, आणि जाईल तेथें "चिरंजीव विद्यापीठांत प्राध्यापक" असें सांगूं लागले. माझी नोकरी ठाऊक असलेले एक दोघे शेजारीं उभे असत. ते सभ्यपणें खालीं पाहत. मीही खालीं पाहत असें.

मग जानेवारी आला. शनिवार, ता. १३ जानेवारी २०२४. पारा उणे चाळीसच्या खालीं गेला होता. मी सायंकाळीं रात्रपाळीला निघालों, आणि थोड्याच वेळांत प्रांतांतील सर्वांच्या मोबाईल फोनांवर सरकारचा इशारा एकदम खणाणला: विजेचा तुटवडा आहे, वापर ताबडतोब कमी करा, नाहीं तर पाळीपाळीनें वीज बंद करावी लागेल. लोकांनीं तो मानला. घरोघर दिवे मालवले गेले, आणि कांहीं मिनिटांतच मागणी सुमारें २०० मेगावॅटनें खालीं आली. प्रत्येकानें एकेक दिवा विझविला, आणि सगळ्यांचा दिवा राहिला.

इकडे आम्हांला मात्र कांहींच विझवितां येण्यासारखें नव्हतें. चारही बॉयलर पूर्ण जोरावर होते. आमच्या वाफेवर विद्यार्थ्यांचीं वसतिगृहें होतीं, आणि त्यांत आपल्याकडून गेलेलीं कितीतरी मुलें झोंपलेलीं; प्रयोगशाळा होत्या; आणि शेजारचें रुग्णालयही होतें. माझ्या जोडीला तिसऱ्या वर्गाचा अभ्यास करणारी एक तरुण मुलगी होती. अडीचच्या सुमारास मी पडद्यावरच्या रेघा पाहत होतों. दाबाची रेघ थरथरत होती. वाफेची मागणी वर चढत होती. परंतु तीन नंबरच्या बॉयलरच्या पाण्याची रेघ सरळ होती. अगदीं सरळ, पट्टीनें ओढल्यासारखी.

पंधरा मिनिटें ती तशीच होती, आणि मला ती पाहून बरें वाटत होतें, हें कबूल केलें पाहिजे. मग एकदम बऱ्याच वर्षांपूर्वींची ती कांच डोळ्यांपुढें उभी राहिली. मी मुलीला म्हणालों, "धांवत जा, आणि गेज-ग्लास वाच." वरून तिचा आवाज आला, "दिसतें आहे, पण तळाशीं दोन बोटेंच!"

पाणी दिसत होतें, म्हणजे घालावयास हरकत नव्हती. मीं तो बॉयलर आपोआप चालण्यावरून काढून हातावर घेतला, आणि ती कांच वाचून सांगत असतां थोडें थोडें पाणी चढवीत गेलों. आणखी थोडा उशीर झाला असता, तर सुरक्षेच्या यंत्रणेनें ज्योत आपण होऊन बंद केली असती. बॉयलर वांचला असता. पण भट्टींतील वायु झाडून पुनः पेटवून वाफ चढवीपर्यंत बराच वेळ गेला असता, आणि उरलेल्या तिघांच्या अंगीं त्याचा भार पेलण्याएवढी ताकद त्या रात्रीं नव्हती. दूरच्या इमारतींतील नळ गोठावयास तेवढें पुरेसें होतें. मागाहून कारण सांपडलें. भट्टीला बाहेरची हवा पुरविणाऱ्या झरोक्याची एक फळी नीट मिटत नव्हती. तींतून आलेल्या वाऱ्यानें पाण्याची पातळी कळविणारी बारीक नळी गोठली होती, आणि ती शेवटचा आंकडाच पुनः पुनः सांगत बसली होती. आम्हीं ऊन फडकीं गुंडाळून ती मोकळी केली. पहांटे वहींत सर्व लिहिलें. आठ वाजतां फेरींत ती फळी मला दिसली होती आणि 'मग पाहूं' म्हणून मीं ती सोडली होती, हेंही लिहून खालीं सही केली.

सकाळीं घरीं आलों, तों अण्णा शाल पांघरून स्वयंपाकघरांत बसलेले. रात्रभर झोंपले नव्हते. सौ. चुलीपाशीं पाठमोरी उभी होती. मागाहून कळलें कीं, रात्रीं तो इशारा आल्यावर दिवे मालवून दोघें अंधारांत बसलीं असतां अण्णांनीं विचारलें होतें, "अशा वेळीं विद्यापीठांत हा काय शिकवतो आहे?" आणि तिनें उत्तर दिलें होतें, "मामंजी, ते शिकवीत नाहींत. सगळ्या विद्यापीठाचे बॉयलर सांभाळतात. आजची रात्र त्यांच्याच हातांत आहे."

अण्णांनीं मला बसावयास सांगितलें. "किती वर्षें?"

"अठरा."

"मला सोसणार नाहीं, असें वाटलें तुला?" मी गप्प राहिलों. "एवढा हलका समजलास मला?"

चहा निवत होता. बऱ्याच वेळानें ते म्हणाले, "खरें सांगूं? दुसऱ्याच वर्षीं मला शंका आली होती. प्राध्यापकाला दिवाळींत रात्रपाळी नसते. पण मीं विचारलें नाहीं. विचारलें असतें तर आळींत फिरून सांगावें लागलें असतें." मग हातांतल्या पेल्याकडे पाहत ते हळूच म्हणाले, "तेव्हां एकट्या तुझीच चूक नाहीं."

मला त्या क्षणीं वाटलें कीं, अठरा वर्षें आमच्यामध्यें ती कांच अगदीं स्थिर, भरलेली दिसत होती; आणि चावी उघडून पाहण्याचें धैर्य दोघांपैकीं एकालाही झालें नव्हतें.

त्याच आठवड्यांत, थंडी थोडी सरल्यावर, परवानगी काढून मीं त्यांना बॉयलर-घर दाखविलें. डोक्यावर टोप आणि कानांवर आवाज अडविणारीं झांकणें घालून ते सावकाश जिना चढले. भट्टीच्या झरोक्याच्या जाड कांचेंतून त्यांनीं ज्योत पाहिली; निळसर, लांबच लांब, गर्जणारी. ते बराच वेळ तेथेंच उभे राहिले. आमच्या घराण्यांत त्यांच्या आजोबांच्या घरीं अग्निहोत्र होतें, हें मला ऐकून ठाऊक होतें. गार्हपत्य अग्नि अखंड राखावयाचा, आणि सायंप्रातः होमासाठीं त्यांतूनच आहवनीय सिद्ध करावयाचा; अग्नि विझला तर प्रायश्चित्त. अण्णा ती गोष्ट काढतील आणि माझ्या नोकरीला वेदांची झालर लावतील, अशी मला थोडी धास्तीच वाटत होती. त्यांनीं तसें कांहीं केलें नाहीं. त्यांनीं एवढेंच विचारलें, "रात्रीं कोण जागतें?"

"पाळीवर असतों ते आम्ही."

"आणि तुमच्यांतल्या एकाला डुलकी लागली तर?"

"दुसरा असतो. आणि वही असते."

त्यांनीं वही मागितली. त्यांना इंग्रजी अक्षर लावावयास वेळ लागला. पण जन्मभर उत्तरपत्रिका तपासलेल्या माणसानें १३ तारखेचें पान ओळ न् ओळ वाचलें. फळी पाहून सोडून दिल्याच्या वाक्यावर बोट ठेवून ते म्हणाले, "ही सही तुझी?" मी होय म्हणालों. त्यांनीं मान हलविली, आणि वही मिटून परत दिली. माझ्या शाळेच्या प्रगतिपुस्तकावर सही करतांना ते जशी मान हलवीत, तशीच.

पुढच्या शनिवारीं मंडळाचा तिळगुळाचा कार्यक्रम होता. कोणी एक नवे गृहस्थ अण्णांजवळ आले आणि चौकशी करूं लागले. मी दोन हातांवर उभा होतों. मला घाम फुटला. अण्णा स्वच्छ, शाळेंतल्या आवाजांत म्हणाले, "माझा मुलगा विद्यापीठाचे बॉयलर चालवतो. दुसऱ्या वर्गाचें प्रमाणपत्र आहे त्याचें. पहिल्यासाठीं आठ पेपर द्यावे लागतात." त्या गृहस्थांना यावर काय बोलावें तें सुचेना. ते म्हणाले, "अरे वा," आणि तिळाच्या वडीकडे वळले. एवढेंच घडलें. आकाश कोसळलें नाहीं. अठरा वर्षें मी ज्या क्षणाला भ्यालों, तो एक वडी तोंडांत टाकण्याइतक्या वेळांत संपला.

आतां काळ बदलतो आहे. व्हॅंकूवर येथील ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठानें २०११ ते २०१५ या काळांत वाफेचे जुने नळ काढून त्यांच्या जागीं गरम पाण्याचे नळ घातले. त्यांत उष्णता कमी वायां जाते आणि इंधन वांचतें. आज ना उद्यां आमचेही बॉयलर निवृत्त होतील, आणि त्यांच्यामागून मीही. त्याचें दुःख नाहीं. चूल बदलते; ती राखणारें माणूस लागतेंच. माझ्या जोडीची ती मुलगी आतां तिसऱ्या वर्गाची परीक्षा उत्तीर्ण झाली आहे, आणि पडद्यावर एखादी रेघ फार शांत दिसली, कीं न सांगतां उठून कांच वाचून येते.

आपल्या घरांतून आज कितीतरी मुलें-मुली दूर देशीं जातात आणि नानाविध कामें करतात. कांहींचीं कामें सांगण्यासारखीं असतात. कांहींचीं आम्हांला सांगण्यासारखीं वाटत नाहींत. अशा घरच्या वडील मंडळींना एकच विनंती आहे. मुलाचें सर्व कांहीं उत्तम चाललें आहे, असें प्रत्येक फोनांत सारख्याच शब्दांत ऐकूं येत असेल, तर एकदां मायेनें अधिक विचारून पाहावें. आणि जें उत्तर येईल, तें आळींत सांगण्याची तयारी ठेवूनच विचारावें. अण्णा वाईस परतले, तेव्हां स्टँडवर उतरवून घ्यावयास आलेल्या शेजाऱ्यानें सवयीप्रमाणें विचारलें, "काय म्हणतात प्राध्यापकसाहेब?" पुतण्यानें मला फोनवर सांगितलें कीं, अण्णांनीं आधीं पिशवी खालीं ठेवली, आणि मग सगळी हकीकत पहिल्यापासून सांगावयास सुरुवात केली.